न सापडल्याची वही



आज या सभागृहात इतिहासवाले आहेत, भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक आहेत, मराठीचे आहेत, ग्रंथपाल आहेत, एक-दोन डॉक्टरही दिसतात. इतक्या जातकुळीची माणसे एकत्र आली की अध्यक्षाने काय बोलावे, हा प्रश्नच असतो. संयोजकांनी मला मोकळीक दिली, म्हणून मी सर्वांना लागू पडणारी गोष्ट निवडली. आपण सगळे काही ना काही हुडकत असतो. ते हुडकण्याची प्रत्येक शास्त्राची रीत मात्र वेगळी आहे, आणि एकाची रीत दुसऱ्याला ठाऊक नसते. उदाहरणासाठी लांब जायला नको. काखेत कळसा आणि गावाला वळसा असे होऊ नये म्हणून मी आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरपासूनच सुरुवात करतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक जाणणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक वही लिहिली. तिला पेरिप्लस म्हणतात. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे आणि तिथून जाडेभरडे कापड, तलम मलमल असा माल गाड्यांनी भरुचला जातो, असे त्यात लिहिले आहे. पुढे शिलाहार राजे स्वतःला तगरपुराचे अधिपती म्हणवत राहिले. शहराचे नाव होते, कीर्ती होती; शहर मात्र कुठे गेले ते कळेना. एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी दौलताबाद सुचवले, जुन्नर सुचवले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना ते बीडकडचे धारूर वाटले. फ्लीटसाहेबांनी आधी कोल्हापूरकडे बोट दाखवले. अखेर 1901 साली त्याच जॉन फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे मांडले. हा शोध कुदळीने लागलेला नाही. तगरचे तेर होताना ध्वनी कसे झिजले असतील, पैठणपासून दिशा आणि अंतर कसे जुळते, एवढ्या भांडवलावर तो लागला. भाषेच्या अभ्यासकाने हरवलेले शहर नकाशावर बसवले. इथल्या मराठीच्या प्राध्यापकांनी ही गोष्ट आपल्या विभागप्रमुखांना जरूर सांगावी.

हेन्री कझिन्स यांनी तेरच्या वास्तूंची पाहणी लगेचच केली. कुदळ बरीच नंतर आली. 1958 साली चापेकरांनी उत्खनन केले, पुढे शां. भा. देव यांच्यासारख्यांनी केले. पण तेरच्या बाबतीत एक गृहस्थ खणणाऱ्यांच्याही आधीपासून कामाला लागले होते, ते म्हणजे रामलिंगप्पा लामतुरे. नांगरताना, घर बांधताना, पावसाने जुन्या वस्तीची पांढरी धुऊन निघाली की जे मणी, मूर्ती, नाणी गावकऱ्यांच्या हाती येत, ते त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केले. आज तेरचे सरकारी संग्रहालय त्यांच्याच नावाने आहे. तिथली हस्तिदंती स्त्री पाहिली नसेल तर पाहून या. तिची बहीण शोभावी अशी मूर्ती 1938 साली इटलीत पॉम्पेईच्या ढिगाऱ्यात निघाली. पॉम्पेई इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्याच्या आधीच तिकडे पोचलेली होती. आपल्या तेरच्या मूर्तीचा काळ ठरवायला मोठा आधार आहे तो त्या इटलीतल्या राखेचा.

लामतुरे नसते तर यातले पुष्कळसे मुंबईच्या दलालांकडे गेले असते, किंवा पोरांच्या खेळात हरवले असते. त्यांचे ऋण मोठे आहे. तरीही पुरातत्त्वाचा माणूस अशा संग्रहापुढे उभा राहिला की जरा हळहळतो, कारण वस्तू आहे पण ती कोणत्या थरातून आली हे नाही. संग्राहकाकडे जे सापडले तेवढेच जमा होते. उत्खनन करणाऱ्याला त्याच्या शास्त्राने एक कंटाळवाणी शिस्त लावलेली असते. खड्डा चौकोनी घ्यायचा, थर मोजायचे, मातीचा रंग लिहायचा, आणि माणसाची कसलीही खूण नसलेली मूळ माती लागेपर्यंत खाली जायचे. खड्ड्यात काही मिळाले नाही तरी वही भरायची. त्या रिकाम्या खड्ड्यामुळेच वस्ती कुठे संपत होती हे कळते.

माझे आजचे म्हणणे या रिकाम्या खड्ड्याबद्दल आहे.

आता किल्लारी. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाच्या पहाटेबद्दल या जिल्ह्यात कुणाला काही सांगायची गरज नाही. सास्तूर परिसरातली माणसे या सभागृहातही असतील. त्या दिवसापर्यंत देशाच्या भूकंप-नकाशावर आपला हा टापू सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. का होता? मोठ्या धक्क्याची नोंद नव्हती म्हणून. इथे नीट लक्ष द्या. कुणी जमीन तपासून, जुने थर बघून, इथे पूर्वी भूकंप झालेला नाही असे ठरवलेले नव्हते. शोध झालाच नव्हता आणि त्याला 'नाही' म्हटले गेले. शोधून न सापडणे वेगळे आणि न शोधणे वेगळे. या दोहोंना आपल्या कागदांवर एकच शब्द असतो, आणि त्यातून केवढे नुकसान होऊ शकते हे आपल्याइतके कुणी भोगलेले नाही.

भूकंपानंतर शास्त्रज्ञ आले. किल्लारीला सहाशे मीटरांहून खोल छिद्र घेतले गेले. काळा पाषाण 338 मीटरांवर संपतो आणि खाली दुसराच जुना खडक लागतो हे प्रत्यक्ष पाहता आले. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन हे संशोधक जुन्या भूकंपांच्या शोधात तेरला गेले. किल्लारीच्या भूकंपासाठी तेरला कशाला, असे कुणालाही वाटेल. पण ज्या गावात दोन हजार वर्षांचे थर एकावर एक रचलेले आहेत, तिथे जुना धक्का आपली खूण ठेवून गेला असण्याची शक्यता जास्त. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी या भागात एक मोठा भूकंप झाला असावा, असा तर्क त्यांनी तिथल्या पुराव्यावरून मांडला. पुरातत्त्वाने मूर्तींसाठी उघडलेली पांढरी भूकंपवाल्यांना कामी आली. खणताना फक्त मण्यांचीच नोंद ठेवली असती, तर त्यांच्या हाती काय लागले असते?

तेरची आठवण अकराव्या शतकातल्या एका काव्यातही आहे. मुनी कनकामर यांचे अपभ्रंश भाषेतले 'करकंडचरिउ' हीरालाल जैन यांनी संपादून 1934 साली कारंज्याहून प्रसिद्ध केले. त्यात राजा करकंड तेरापुराजवळच्या डोंगरात येतो. तिथे एक हत्ती रोज कमळ आणून एका वारुळाची पूजा करताना दिसतो. राजा वारूळ खणवतो आणि आत पार्श्वनाथांची मूर्ती निघते. धाराशिवच्या लेण्यांशी या कथेचे नाते हीरालाल जैनांनी जोडले. लेणी मुळात जैन की बौद्ध, हा वाद अभ्यासकांत आहेच आणि तो इथे सोडवण्याची माझी तयारी नाही. मला रस आहे तो हत्तीत. स्वतः काही न शोधता दुसऱ्या जिवाच्या वागण्यावरून माग काढायचा, ही फार जुनी रीत. तेच वारूळ वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही भेटते. दकार्गल अध्यायात कोणत्या झाडाजवळ, वारुळाच्या कोणत्या बाजूला, किती पुरुष खोलीवर पाणी लागेल याची आडाखेवजा यादी आहे.

पाण्याचा विषय निघाला की धाराशिवकर सावरून बसतात. गावोगावी पाणाड्या असतो. कुणी तळहातावर नारळ ठेवतो, कुणी दुबेळकी काडी धरतो. नारळ उभा राहिला की तिथे बोअर. मी पाणाड्यांची टिंगल करणार नाही. त्यातले कित्येक जण रानाचा उतार, झाडोरा, शेजारच्या विहिरीची पातळी डोळ्यांनीच वाचतात आणि श्रेय नारळाला देतात. माझी तक्रार निराळी आहे. लागलेल्या पाण्याची कथा पाणाड्याबरोबर पंचक्रोशीत फिरते, आणि कोरडी गेलेली बोअर कर्जासकट शेतकऱ्याच्या घरी राहते. तिचे खातेच नसते. भूजल सर्वेक्षणाचे लोक ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात, विहीर आटलेली असली तरी आटली म्हणून लिहितात. दख्खनच्या खडकात पाणी भेगांत आणि झिजलेल्या पोकळ थरांत अडकलेले असते, हाताच्या अंतरावर नशीब बदलते. अशा ठिकाणी शेजाऱ्याची कोरडी बोअर किती फुटांवर आणि कोणत्या थरात कोरडी गेली, ही माहिती लाखमोलाची. आपण ती सांगायला लाजतो.

औषधांच्या जगात ही लाज कायद्याने मोडावी लागली. ज्या चाचणीत औषधाचा गुण दिसला नाही ती कपाटात पडायची आणि गुण दिसलेली तेवढी छापून यायची. वाचणाऱ्या डॉक्टरला औषध हटकून गुणकारी वाटायचे. म्हणून चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिची नोंद करण्याची पद्धत आली. भारतात अशी नोंदवही 2007 मध्ये उघडली आणि 2009 पासून ती सक्तीची आहे.

सर्वांत सुंदर उदाहरण समुद्रातले आहे. 1 जून 2009 रोजी एअर फ्रान्सचे 447 क्रमांकाचे विमान 228 माणसांसह अटलांटिकमध्ये कोसळले. पहिल्या महिन्यात जहाजांनी त्याच्या नोंदपेट्यांचे आवाज ऐकायचा प्रयत्न केला. जिथे आवाज आला नाही तो भाग तपासून झाला असे समजून शोध पुढे सरकला. जवळजवळ दोन वर्षे हाती काही आले नाही. मग संख्याशास्त्रज्ञांना बोलावले. त्यांनी न सापडलेल्या सगळ्या जागा पुन्हा मांडल्या आणि एकच शंका काढली : आवाज करणारी यंत्रेच बंद पडली असतील तर? तसे धरले तर 'तपासून झालेला' तो भाग तपासलेलाच नव्हता. तिथे नव्याने शोध सुरू झाला आणि आठवडाभरात, 3 एप्रिल 2011 रोजी, अवशेष सुमारे चार किलोमीटर खोलीवर मिळाले. विमानाच्या शेवटच्या ज्ञात ठिकाणापासून फार लांबही नव्हते. नुसते 'पाहिले, नाही' पुरत नाही. कशाने पाहिले, किती नीट पाहिले, हेही लिहून ठेवलेले असेल तरच नंतरच्या माणसाला त्याचा उपयोग होतो.

हे सगळे ऐकून आमच्या साहित्य-इतिहासाच्या मंडळींकडे वळलो की मला जरा ओशाळल्यासारखे होते. आमचे प्रबंध उघडा. 'याविषयी साधने उपलब्ध नाहीत.' एवढे एक वाक्य, आणि प्रकरण पुढे. कुठे पाहिले? संत गोरोबाकाकांच्या अभंगांवर लिहिणाऱ्याने कोणत्या मठातली, कोणत्या घरातली बाडे चाळली? वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळत हिंडले. 1898 पासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले. त्या काळी घरोघरी दप्तर दाखवायला नकार देणारे होतेच. त्या नकारांची रीतसर यादी पिढ्यान्‌पिढ्या ठेवली गेली असती तर आज किती दारे पुन्हा ठोठावता आली असती!

आपल्या जिल्ह्याचा कागद शोधणे तर खास कसरतीचे. आधी नळदुर्ग जिल्हा, मग उस्मानाबाद, 2023 पासून धाराशिव. 1982 मध्ये लातूर वेगळा झाला, त्याआधीचे औसा-उदगीरचे पुष्कळ कागद उस्मानाबादच्या नावाखाली. 1948 पर्यंत निजामाचे राज्य, म्हणून दफ्तर उर्दूत आणि बरेचसे हैदराबादेत. शेजारची बार्शी इंग्रजांकडे, तिचा कागद सोलापूरकडे. इथे एका नावाकडून दुसऱ्याकडे नेणारी ग्रंथपालाची 'पाहा' नोंद म्हणजे देवाची कृपा. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 मधल्या मराठी पुस्तकांची सूची केली. तिच्यावर चार पिढ्या पोसल्या आणि सूचिकाराचे नाव प्रबंधाच्या ऋणनिर्देशात येत नाही. रंगनाथन यांनी 1931 मध्येच वाचकाचा वेळ वाचवणे हा ग्रंथालयाचा नियम करून ठेवला. आजचा विद्यार्थी संगणकात शब्द टाकतो, शून्य उत्तरे येतात, आणि तो म्हणतो 'नाही'. बाबा रे, 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचे पुस्तक असेल तर त्यात 'केलें' वर अनुस्वार आहे. तू बिनअनुस्वाराचे शोधलेस.

2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध झाला. त्याचे राजकारण मी बाजूला ठेवतो. पण तहसिलांतले बस्ते इतक्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच सोडले गेले असतील. मोडी वाचणारे हुडकून आणावे लागले. ज्या नोंदी मिळाल्या त्यांची यादी सरकारकडे आहे. मला हवी आहे ती दुसरी यादी : कोणता बस्ता सोडला, त्यात काय होते, कशाला वाळवी लागली होती, कोणत्या गावचे दप्तर जागेवर नव्हते. इतिहासाच्या दहा विद्यार्थ्यांना दहा वर्षे पुरेल असे ते काम, आणि ज्यांनी ते केले ते कारकून अजून नोकरीत आहेत. त्यांना जाऊन विचारा.

म्हणून या परिषदेपुढे एक ठरावाचा मसुदा मांडतो. जिल्ह्यासाठी एक वही सुरू करावी, कागदी आणि संगणकावरचीही. रकाने मोजके : काय शोधत होतो, कुठे पाहिले, कोणती पाने किंवा कोणता खड्डा, केव्हा, आणि शेवटी किती नीट पाहिले. चाळले, ओळीने वाचले, की दारातूनच परत आलो, हे खरे लिहायचे. पदोन्नतीच्या गुणांत याला रकाना नाही हे मला ठाऊक आहे, प्राचार्यांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. बोअर कोरडी गेलेल्या शेतकऱ्यांनाही यात जागा असावी. गाव, गट क्रमांक, फूट आणि थर एवढे पुरे. भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्याचा नमुना आज संध्याकाळपर्यंत करून द्यावा अशी विनंती.

वहीचे कोरे तक्ते नोंदणीच्या टेबलावर ठेवले आहेत. जेवणाच्या सुटीत प्रत्येकाने आपली एक तरी नोंद भरावी. पहिले सत्र नळदुर्ग जिल्ह्याच्या दफ्तरांवर आहे, वक्ते केव्हाचे ताटकळलेत. मी थांबतो.