जीर्णोद्धारापूर्वीची जपणूक

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त बोळिंज येथे श्रीसंघासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

सुवर्णमहोत्सवात गौरवाचे शब्द बोलण्याची रीत आहे आणि तो गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित केला आहे. मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता. त्यामुळे माझ्याकडे आलेला विषय काहीसा रुक्ष आहे : ट्रस्टच्या वास्तूंची देखभाल, दुरुस्तीचा अग्रक्रम आणि तिचे अंदाजपत्रक. परंतु ज्या पिढीने पोटाला चिमटा घेऊन ही वास्तू उभी केली, तिचे ऋण केवळ हारतुऱ्यांनी फिटणारे नाही, असे मला वाटते.

नवे मंदिर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे आपली परंपरा सांगते. आबूवरील देलवाड्याची विमलवसही अकराव्या शतकातील, राणकपूरचे जिनालय पंधराव्या शतकातील. विसाव्या शतकात शेठ आणंदजी कल्याणजी पेढीने शेठ कस्तुरभाई लालभाईंच्या नेतृत्वाखाली या दोन्ही तीर्थांचा जीर्णोद्धार केला. त्या कामासाठी सोमपुरा शिल्पी नेमले गेले आणि घाई न करता ते वर्षानुवर्षे चालले. तिथे संगमरवर होता; तो शतके थांबू शकला. आपला उपाश्रय आणि पाठशाळा सिमेंट-लोखंडाची आहे. ती इतकी थांबणार नाही.

त्याचे कारण आपल्या दाराशीच आहे. अर्नाळ्याचा समुद्र येथून जवळ. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस भेगांमधून आतल्या सळईपर्यंत पोहोचतो. लोखंड गंजले की फुगते आणि फुगताना भोवतीचे काँक्रीट फोडते. आपण वरून गिलावा करून रंग देतो. आत गंज वाढतच राहतो. म्हणून छताचा पोपडा पडला तर आधी रंगाऱ्याला बोलावू नये, अभियंत्याला बोलवावे.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच विरारमध्ये, रेल्वेच्या पूर्वेला, एक चार मजली इमारत मध्यरात्रीच्या सुमारास कोसळली आणि १७ जणांचे प्राण गेले. ती इमारत अनधिकृत होती, आपली तशी नाही, हे खरे. पण ती फार जुनीही नव्हती. आपली वास्तू मात्र पन्नाशीकडे झुकली आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घेणे मालकाचे कर्तव्य आहे. ट्रस्टच्या वास्तूचे मालक म्हणजे आपण सगळेच.

गेल्या कार्तिकी पौर्णिमेनंतर विश्वस्तांसमवेत मी वास्तू पाहिली. पाठशाळेच्या जिन्यावरील सज्जाची सळई उघडी पडली आहे. उपाश्रयाच्या गच्चीचे दोन पन्हाळे तुंबलेले आहेत आणि पाणी भिंतीत मुरते आहे. त्याच वेळी महोत्सवानिमित्त नवे प्रवेशद्वार उभारण्याची सूचना पुढे आली आहे. प्रवेशद्वाराला दाते मिळतात, तख्ती लागते, बोली रंगते. पन्हाळ्याची बोली आजवर कुणी बोलल्याचे मी ऐकलेले नाही!

अग्रक्रम ठरवताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला, यामुळे कुणाच्या जिवाला धोका आहे काय? सज्जा, कठडे, पाण्याची टाकी आणि जुनी वीजवाहिनी यात येतात. दुसरा, यातून पाणी आत येते काय? गच्ची, पन्हाळे, सांडपाण्याचे नळ आणि बाहेरच्या भिंतींच्या भेगा यात येतात. तिसरा, यामुळे संघाच्या नित्य उपयोगाला अडथळा होतो काय? रंग, फरशी, रोषणाई आणि प्रवेशद्वार यांचा विचार या तिन्हींनंतर करावा. शोभेला माझा विरोध नाही. ती रांगेत शेवटी उभी असावी, एवढेच.

यात आपल्या धर्माचीही बाजू आहे. ओलीवर शेवाळ धरते. तिथे अनंत जीवांची उत्पत्ती आपण मानतो. पावसाळ्यात त्यावर पाय ठेवणे टळत नाही आणि नंतर ते खरवडणे म्हणजे पुन्हा विराधना. पावसापूर्वी गच्ची कोरडी व पाणी न तुंबणारी करणे हीच जयणा. साधू-साध्वी भगवंत जे चार महिने आपल्याकडे स्थिर असतात, तेच चार महिने छप्पर गळते, ही गोष्ट संघाला भूषणावह नाही.

आता पैशांकडे वळू. आपल्या ट्रस्टमध्ये पैसा नाही असे नाही. तो कोणत्या खात्यात आहे, हा प्रश्न आहे. देवद्रव्य जिनालयाखेरीज अन्यत्र वापरता येत नाही आणि ते योग्यच आहे. उपाश्रय, पाठशाळा यांचा भार साधारण खात्यावर येतो आणि नेमके तेच खाते सर्वांत अशक्त असते. म्हणून दुरुस्तीची यादी करतानाच प्रत्येक कामासमोर खाते लिहावे आणि शंका असल्यास गुरुभगवंतांचे मार्गदर्शन घ्यावे.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा, गच्चीच्या जलरोधनाला ६ लाख रुपये लागतात आणि ते १२ वर्षे टिकते. म्हणजे वर्षाला ५० हजार. बाहेरच्या रंगाला ४ लाख, आयुष्य ५ वर्षे. वर्षाला ८० हजार. पंप व वीजवाहिनीला ३ लाख, आयुष्य १५ वर्षे. वर्षाला २० हजार. एकूण दीड लाख. किरकोळ देखभालीचे ६० हजार मिळवा आणि अकल्पित खर्चासाठी दहा टक्के, म्हणजे २१ हजार. बेरीज होते २ लाख ३१ हजार. ही रक्कम दरवर्षी बाजूला पडली नाही, तर एखाद्या वर्षी सहा लाखांसाठी धावाधाव होते, काम अर्धवट होते आणि अर्धवट काम सर्वांत महाग पडते. निधी साठवताना आयकराचे नियम सनदी लेखापालांकडून अवश्य पाहून घ्यावेत.

हा माझा एकट्याचा आग्रह नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ३१-अ नुसार विहित मर्यादेपेक्षा अधिक उत्पन्न असलेल्या ट्रस्टने हिशेबी वर्ष सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी अंदाजपत्रक सादर करायचे असते आणि त्यात मालमत्तेच्या देखभाल-जतनासाठी पुरेशी तरतूद हवी असते.

याचे वेळापत्रक आपल्या पंचांगात तयारच आहे. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला की पाहणी करावी. तेव्हा ओलीच्या खुणा ताज्या असतात. पौष-माघात किमान तीन दरपत्रके मागवून फेब्रुवारीअखेर अंदाजपत्रक पूर्ण करावे. चैत्र-वैशाखात काम करावे. आषाढ शुद्ध चतुर्दशीपूर्वी वास्तू गुरुभगवंतांच्या स्वागताला कोरडी असावी.

शेवटी एक नम्र सूचना. आयंबिल खात्यासाठी जशी कायमी तिथी लिहिली जाते, तशी साधारण खात्यात ‘वास्तुरक्षा तिथी’ सुरू करावी. मूळ रक्कम ठेव म्हणून राहील आणि तिच्या व्याजातून दरवर्षी त्या दात्याच्या तिथीला देखभालीचे एक काम होईल. पहिली तिथी माझ्या मातोश्रींच्या स्मरणार्थ मी आजच लिहितो. आणि प्रवेशद्वार एक वर्ष थांबावे. जिन्यावरचा सज्जा या पावसाळ्यापूर्वी व्हावा. त्या जिन्यावरून रोज संध्याकाळी आपली मुले ‘नवकार’ म्हणत चढतात.

पन्नास वर्षांपूर्वीच्या श्रावकांनी आपल्यासाठी वास्तू बांधली. पुढील पन्नास वर्षांच्या श्रावकांना ती सुस्थितीत सोपवणे एवढेच आपले काम आहे.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!