बागेतील शिपाई

माझ्या लहानपणी गडहिंग्लजच्या सार्वजनिक बागेत एक माळी असे. आळे करण्यापूर्वी तो खुरप्याच्या टोकाने माती तिरपी, हलकेच टोचून पाही. आम्ही मुले त्यास हसत असू. हे गृहस्थ बेळगावास कवाईत शिकून मराठा पलटणीतून इटलीत लढून आले होते, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले.

त्याच आघाडीवर ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून वाहून सुखरूप नेले, शत्रूची मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. त्यांचे नाव इतिहासात गेले, ते योग्यच झाले. परंतु त्याच युद्धातून परतलेल्या कित्येकांस गावाने ओळखले ते केवळ हातातील खुरप्यावरून. आणि त्यात आमचे गावही आलेच.

थोरपणी एकदा मी त्यांना विचारले, तिकडील नदीकाठ कसा होता? हिरण्यकेशीकडे बोट करून ते म्हणाले, “असाच की. पर तितली माती टोचून बघितल्याबिगर पाऊल टाकायचं न्हाई, बाळ.” मग झारी उचलून ते मोगऱ्याकडे वळले. निवृत्तिवेतनाविषयी विचारण्याचे मला धाडस झाले नाही.