गिधाड गेले, बोंडअळी का राहिली?

एका गावच्या सभेत एका वयस्क कास्तकाराने मला विचारले, "साहेब, आमच्या लहानपणी मेलेल्या ढोरावर गिधाडे तुटून पडत. ती कुठं गेली? अन् इतक्या फवारण्या करून बोंडअळी का जात नाही?" प्रश्न दोन, पण उत्तर एकच आहे.

पृथ्वीवर पूर्वी पाच वेळा जीवांचा मोठा संहार झाला. शेवटचा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्यात डायनोसॉर संपले. त्यांची हाडे आपल्या वरोड्याजवळ पिसदुऱ्याला सापडली आहेत. तेव्हा माणूस नव्हता. आज जीव नाहीसे होत आहेत ते माणसाच्या हातून.

गिधाडाचेच बघा. १९९२ ते २००७ या काळात भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात जेमतेम एक उरली. कारण होते डायक्लोफिनॅक हे ढोरांच्या दुखण्यावरचे औषध. ते टोचलेले ढोर लगेच मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. पिल्लू जोडी करण्याजोगे व्हायला साधारण पाच वर्षे लागतात. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या जीवाला बदलायला सवड मिळालीच नाही. त्याच्या जागी मेलेल्या ढोरावर कुत्र्यांचे कळप आले, अन् पिसाळण्याचा धोका वाढला.

आता गुलाबी बोंडअळी. तिची मादी शंभरावर अंडी घालते आणि महिना-सव्वा महिन्यात नवी पिढी तयार होते. लाखो अळ्यांत विष पचवणाऱ्या दोन-चार असतात. बाकीच्या मरतात, या जगतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. बीटी कपाशी २००२ साली आली. २०१७ च्या हंगामात याच अळीने विदर्भातली बीटीची बोंडे पोखरली. अळी शहाणी झाली नाही. आपणच तिची निवड केली.

म्हणून ध्यानात ठेवा: अविचाराने वापरलेले विष मित्राला संपवते आणि शत्रूला तयार करते. यासाठी एवढे करा:

१. ढोरांना डायक्लोफिनॅक देऊ नका. त्यावर २००६ पासून बंदी आहे. माणसांसाठीची बाटलीही वापरू नका. किटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक २०२३ मध्ये बंद झाली. पशुवैद्यकाकडून मेलॉक्सिकॅम मागा. ते गिधाडाला बाधत नाही.

२. असे औषध दिलेले ढोर दगावले तर खोल पुरा.

३. कपाशी डिसेंबरअखेर आटोपा. फरदड घेऊ नका. पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर ठेवू नका; त्यात अळी झोपून राहते.

४. एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ पतंग आले, किंवा एकरातून तोडलेल्या वीस हिरव्या बोंडांपैकी दोन किडकी निघाली, तरच फवारा. तेच ते औषध पुन्हा पुन्हा मारू नका.

२०२४ साली पेंच आणि ताडोबात पिंजोरच्या केंद्रातली गिधाडे आणली गेली. उद्या त्यातले एखादे तुमच्या शिवारात उतरेल. त्याच्यापुढचे ढोर बिनविषाचे असावे, एवढे तुमच्या हातात आहे.