लेकरू दोघांचं, संसारही दोघांचा



घरात पाळणा हलला की सगळ्यांना आनंद होतो. बारसं होतं, घुगऱ्या वाटतात. बाळाची चौकशी सारा गाव करतो. पण त्या नवराबायकोचं कसं चाललं आहे, हे कोणी विचारत नाही. आज आपण त्याविषयी बोलू.

पहिले ६ महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यायचं असतं. तान्हं बाळ दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा दूध पितं. म्हणजे रात्री दर दोन-तीन तासांनी आईला उठावं लागतं. झोप मोडली की माणूस चिडतं. साधा शब्दही टोचतो. भाजीत मीठ कमी पडल्याचं निमित्त होतं. खरी कमी पडलेली असते झोप.

आमच्या पाहण्यातलं एक जोडपं होतं. नवरा रानातून दमून यायचा. बायको म्हणायची, "बाळाला जरा घेता का?" तो म्हणायचा, "दिवसभर घरीच तर होतीस!" एके दिवशी ती लेकरू घेऊन माहेरी गेली. दोन महिने झाले, परत येईना. सोयरे बसले, बोलणी झाली, उपयोग झाला नाही. शेवटी आत्या त्याला म्हणाली, "बाबा, तिची कामं बोटांवर मोज." तो मोजू लागला. पाणी, झाडलोट, भाकरी, शेणगोठा, धुणं, बाळाची अंघोळ, सासऱ्याचं औषध. बोटं संपली, कामं संपली नाहीत. तो सासुरवाडीला गेला. म्हणाला, "सांजचं पाणी मी भरीन. तू दूध पाज, बाळाला मी निजवीन." ती आली. तो बोलल्याप्रमाणे वागला. संसार टिकला.

बापानं लेकरू घेतलं की लोक हसतात. हसू द्या. दूध आईनं पाजायचं. बाकीचं सगळं बापाला येतं.

भगिनींनो, नवऱ्यानं लंगोट वाकडा बांधला तर त्याला हिणवू नका. उद्या तो हातच लावणार नाही. त्याच्या मनात कर्जाची, पिकाची काळजी असते. तीही विचारा.

दोन लेकरांत ३ वर्षांचं अंतर ठेवा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. तेव्हा लोकांनी त्यांची निंदा केली. आज तांबी आणि निरोध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आशाताईंना विचारा. दोघांनी मिळून ठरवा.

बाळंतिणीला पहिले काही दिवस रडू येतं. पण दोन आठवड्यांनंतरही ती सारखी रडत असेल, बाळाकडे पाहत नसेल, तर तिला बोल लावू नका. मांत्रिकाकडे नेऊ नका. तो आजार आहे. डॉक्टरांकडे न्या. उपचारानं बरा होतो.

शाळेत आम्ही पुष्कळ मुलं पाहिली. घरी रोज भांडण असलं की मूल वर्गात गप्प बसतं. त्याचं पाटीवर लक्ष लागत नाही. आईबाप एकमेकांशी नीट बोलले, तर पहिला लाभ लेकराला होतो.

रात्री बाळ निजलं की मोबाईल बाजूला ठेवा. घटकाभर ओट्यावर बसा. "आज फार दमलीस का?" "रानात काय झालं?" एवढं विचारायला पैसे पडत नाहीत.

आता तुम्हाला लिहिता येतं. आज घरी जाऊन कामांची यादी करा. प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचं नाव लिहा. मग दोघांनी ती मिळून वाचा.