घर विकताना मुलांना विसरू नका



'घर पाहावे बांधून' अशी म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. आज आम्ही तुम्हाला सांगतो, घर पाहावे विकून! बांधताना पैशाची काळजी असते. विकताना जीव तुटतो. घरात लेकरे असली, तर त्यांचाही जीव तुटतो. पण ते पुष्कळदा आपल्या ध्यानातच येत नाही.

हौसेने राहते घर कोण विकतो? कुणाला दवाखान्याचे कर्ज फेडायचे असते. कुणाला पोटासाठी दुसऱ्या गावी जायचे असते. कुठे भावाभावांची वाटणी होते. आमचेही तसेच झाले. म्हाताऱ्याच्या आजारपणात कर्ज झाले. तालुक्याच्या गावी काम मिळाले. घर विकायचे ठरले.

थोरली तेव्हा अकरा वर्षांची होती. धाकटा सात वर्षांचा. आम्ही म्हणालो, "पोरांना काय कळतंय? उगीच रडतील." म्हणून रात्री ती निजली की आम्ही हळू आवाजात बोलत बसायचो. दिवसा काही घडलेच नाही असे दाखवायचो.

पण गावात गोष्ट लपते काय? एके दिवशी नळावर कुणीतरी धाकट्याला विचारले, "काय रे, तुमचं घर विकलं म्हणं? आता कुठं जाणार?"

त्या दिवशी धाकटा घरी आलाच नाही. दिवस मावळला. आम्ही शाळेत पाहिले, देवळात पाहिले, ओढ्याला जाऊन हाका मारल्या. पोटात गोळा आला. शेवटी तो गोठ्यात सापडला. कडब्याच्या आड शेळीच्या करडाला पोटाशी धरून बसला होता. आम्हाला पाहून तो म्हणाला, "घर त्यांना दिलं. शेळी पण त्यांना देणार. मंग मला आणि ताईला पण त्यांनाच देणार का?"

मंडळी, त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्याला खांद्यावर घेऊन घरी आलो. त्या रात्री चौघे एका ताटाभोवती बसलो आणि सगळे खरे सांगितले. घर का विकतो, कुठे जाणार, कधी जाणार, सगळे. दोघे रडली. आम्हीही रडलो. पण मग ती गाढ झोपली. त्याआधी पंधरा दिवस धाकटा रात्री दचकून उठत होता. आम्हाला वाटत होते, त्याला जंत झाले!

म्हणून पहिली गोष्ट ही. मुलांना आधी सांगा, आणि आपणच सांगा. लोकांच्या तोंडून कळू देऊ नका. कर्जाचा आकडा सांगायची गरज नाही. "आपण सगळे बरोबर जाणार आहोत," एवढे मात्र पुन्हा पुन्हा सांगा. अशा दिवसांत लहान मूल चिडते, जेवत नाही, अंथरूण ओले करते. त्याला मारू नका. ते हट्टीपणा करत नसते, ते भ्यालेले असते.

दुसरी गोष्ट कागदांची. घरातली निम्मी भांडणे कागद नीट नसल्याने होतात, आणि आईबाप भांडले की पोरे कोपऱ्यात बसतात. तेव्हा गिऱ्हाईक शोधण्याआधी कागद शोधा. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा घ्या. पण ध्यानात ठेवा, तो घरपट्टीचा उतारा आहे. तेवढ्याने मालकी शाबीत होत नाही. २०२० साली सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात ड्रोन उडवून गावठाणाची मोजणी करतात आणि घरमालकाला मिळकत पत्रिका देतात. आपल्या गावात ती झाली असेल, तर आपल्या पत्रिकेवर नाव बरोबर आहे का ते पाहा. घर अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल, तर आधी वारसांची नोंद करून घ्या.

इथे बहिणीला विसरू नका. २००५ साली हिंदू वारसा कायदा बदलला. तेव्हापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच जन्मापासून हक्क आहे. तिला न विचारता व्यवहार केला, तर उद्या कोर्टकचेरी उभी राहते.

आणि घर लहान मुलाच्याच नावावर असेल तर? अठरा वर्षांखालचे मूल कायद्याने अज्ञान असते. १९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्याप्रमाणे आईबापांनाही अशी मिळकत कोर्टाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. विकली, तर मूल पुढे तो व्यवहार रद्द करून मागू शकते. अशा वेळी आधी वकिलाला विचारा.

तिसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. घर पाहायला माणसे येतात. भिंती ठोकून बघतात, माळ्यावर चढतात. पोरे बावरतात. म्हणून कोण, केव्हा येणार ते मुलांना सांगून ठेवा. लोकांना ठरलेल्या वेळीच बोलवा.

आमच्याकडे एक मजा झाली. एक गृहस्थ घर पाहून खूश झाले. तेवढ्यात धाकटा म्हणाला, "पावसाळ्यात इथं तीन पातेली ठेवायला लागतात." आमचे तोंड उतरले. त्याला रट्टा द्यावा असे मनात आले. पण पोरगे खरेच बोलले होते! पुढे कळले की कायदाही तेच सांगतो. घराचा जो मोठा दोष सहज नजरेला येत नाही, तो विकणाऱ्याने स्वतः होऊन सांगायचा असतो. त्या गृहस्थांनी छप्पर दुरुस्तीपुरती किंमत कमी केली, आणि घर त्यांनीच घेतले. म्हणाले, "ज्या घरातलं पोर खरं बोलतं, तिथं फसवणूक नसणार."

चौथी गोष्ट पैशाची. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचे घर विकायचे, तर खरेदीखत नोंदवावेच लागते. नुसत्या साध्या कागदावर लिहून दिले, तर विक्री पुरी होत नाही. नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत होते. तिथे तुम्ही सही केली, तरी फोटो आणि बोटांचा ठसा घेतातच. त्याने मन खट्टू करू नका. तो ओळखीसाठी असतो.

वीस हजार रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेऊ नका. कायद्याने ती मना आहे. पैसे बँकेतून घ्या. इसार घेतला, तर इसारपावतीवर रक्कम, बाकी पैसे देण्याची तारीख आणि घराचा ताबा देण्याची तारीख लिहून घ्या. खरेदीखतात "सर्व रक्कम पोहोचली" असे लिहिलेले असते. रक्कम खरोखर पोहोचल्यावाचून त्याखाली सही करू नका.

आणि मंडळी, कागद वाचा! पूर्वी "इथं अंगठा कर" म्हटले की आपण करत होतो. आता तुम्हाला वाचता येते. एक एक ओळ बोट ठेवून वाचा. वेळ लागला तर लागू द्या. अडले तर विचारा. लाज कसली?

पाचवी गोष्ट शाळेची. आम्ही खरेदीखत मार्चमध्ये केले. पण ताबा मे महिन्यात देऊ, असे इसारपावतीतच लिहून घेतले होते. त्यामुळे पोरांनी परीक्षा आपल्याच शाळेत दिली. सुटीत सामान हलवले. जूनमध्ये नवी शाळा सुरू झाली.

सगळ्यांनाच असे जमेल असे नाही. मध्येच जावे लागले, तरी शाळा सोडवू नका. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलासाठी तो आहे. दुसऱ्या शाळेत जायचे असेल, तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. दाखल्याला उशीर झाला, म्हणून सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. वर्षाच्या मध्येही नाव घालता येते. हे ठाऊक नसल्याने कितीतरी पोरे वर्षभर घरी बसतात. आणि घरी बसलेली पोर पुष्कळदा पुन्हा शाळेत जातच नाही.

सहावी गोष्ट निघण्याच्या दिवसाची. आधी एकदा मुलांना नवे घर, नवी शाळा आणि पाण्याची जागा दाखवून आणा. प्रत्येक मुलाला त्याची एक पिशवी द्या. त्यात काय भरायचे ते त्यालाच ठरवू द्या. धाकट्याने भोवरा, गोट्या आणि तुटकी पाटी भरली. आम्ही काही बोललो नाही. पिशवी भरली नि शेजारीपाजारी सगळ्यांच्या पाया पडून आला. शेळी आणि करडू आम्ही विकले नाही. दोन्ही टेंपोत बरोबर आली.

थोरलीने परसातल्या शेवग्याची एक जाड फांदी तोडून घेतली. नव्या घराच्या मागे लावली. शेवगा फांदीपासून लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पाऊस पडला आणि तिला फूट आली. आता तिच्या शेंगा आमच्या आमटीत पडतात.

भावांनो, बहिणींनो, घर विकणे ही काही लाजेची गोष्ट नाही. वेळ येते, विकावे लागते. पण कागद आधी पाहा, तारीख शाळा बघून ठरवा, आणि लेकरांना विश्वासात घ्या. आम्ही हे उशिरा शिकलो. एका संध्याकाळी ओढ्याच्या काठाने हाका मारत फिरलो, तेव्हा शिकलो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे चार शब्द सांगितले.

राम राम.