ओढलेला सूर, ओढलेली रेघ



कुरखेड्यात चित्रकलेवर, आणि त्यातही वेड्यावाकड्या म्हणविल्या जाणाऱ्या चित्रांवर बोलावयाचे म्हणजे थोडे धाडसच. अशा चित्रासमोर आपल्या तोंडी एकच प्रश्न येतो : “बाईचा हात कधी एवढा लांब असतो काय?” प्रश्न रास्त आहे. आज त्याचाच विचार करू.

आधी सरळ चित्र घेऊ. राजा रविवर्मा यांनी १८८९ च्या सुमारास रंगविलेले वादक स्त्रियांचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. अकरा स्त्रिया, प्रांतोप्रांतीचे पेहराव, सोबत वाद्ये. सारे हुबेहूब. पण ते पाहताना आपण काय करतो? ही कोठली, हिचे वस्त्र कोणते, ही अधिक देखणी की ती, हेच ठरवीत बसतो. अकरा जणी मैफलीस बसल्या आणि गाणे ऐकावयाचे मात्र राहून गेले!

आता हुसेन यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १९१५ सालचा, पंढरपूरचा. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून त्यांनी दिवस काढले. १९४७ साली मुंबईत नव्या चित्रकारांचा जो प्रोग्रेसिव्ह गट निघाला, त्यात ते होते. त्याच गटातले रझा नागपूरच्या चित्रशाळेत शिकलेले, आणि गाडे तर अमरावती जिल्ह्यातले. तेव्हा ही मंडळी आपल्याला परकी नव्हेत.

हुसेन यांनी वाद्य घेतलेल्या स्त्रिया अनेकदा रंगविल्या. जाड काळी रेघ, लांबविलेले हात, पुष्कळदा कोराच ठेवलेला चेहरा. वाद्य कोठे संपले आणि अंग कोठे सुरू झाले, हेही कळू नये. दिसते तसे नव्हे, तर आत जाणवते तसे रंगवावयाचे, या रीतीला अभिव्यक्तिवाद म्हणतात. १९०५ साली जर्मनीत, ड्रेस्डेन येथे, काही तरुणांनी तिचा ध्वज उभारला. १९३७ मध्ये नाझींनी म्युनिकला असल्या चित्रांचे ‘अधःपतित कला’ म्हणून प्रदर्शन मांडले, लोकांनी हसावे म्हणून! त्याच राजवटीमुळे देश सोडून मुंबईस आलेल्या लँगहॅमर, लायडेन, श्लेसिंगर यांनी आपल्या या तरुण चित्रकारांना आधार दिला.

पण ही रीत समजावयास जर्मनीस जाण्याचे कारण नाही. आपल्या बांधीवर चला. आषाढातली रोवणी चालू आहे, बायका चिखलात वाकून पऱ्हे लावीत आहेत आणि गात आहेत. एखादी बाई एकाच अक्षरावर सूर धरते आणि तो या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत ओढीत नेते. तो शब्द बोलण्यात दोन अक्षरांचा. गाण्यात तो केवढा झाला! तेव्हा आपण म्हणतो काय, की बाईने शब्द मोडला? नाही. उलट तिच्या पाठीची कळ, माहेराची ओढ, सारे त्या ओढलेल्या सुरातच आपल्याला कळते. मग शब्द ओढलेला कानाला चालतो, तर हात ओढलेला डोळ्याला का चालू नये?

“म्हणजे कोणीही वाकडे काढावे आणि आम्ही माना डोलवाव्या?” मुळीच नाही. बेसूर गाणे असते तसे बेसूर चित्रही असते. पारख सोपी आहे. तो लांब हात मनातल्या मनात आखूड करून पाहा. काही हरवले तर रेघ सुरात होती. काहीच हरवले नाही, तर खुशाल हसा.

त्या कोऱ्या चेहऱ्याचे मर्मही मला येथेच दिसते. गाणाऱ्या बाईचे रूप पाहावयाचे आणि गाणे विसरावयाचे, ही आपली जुनी खोड. आपल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीसमोर रात्र जागविणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. चित्रकाराने चेहराच पुसला आणि जणू बजावले : हिला पाहू नका, हिचे ऐका.

येत्या पावसाळ्यात बांधीवरून जाताना एवढे जरूर करा. क्षणभर थांबा आणि ऐका. मग ते चित्र पुन्हा पाहा. हात तेवढा लांब का, ते आपले आपल्यालाच कळेल.