गावचा ओढा आणि दूरचा समुद्र
(शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



जालना जिल्ह्यातील खेड्यांत शिकणाऱ्या पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. भिंतीवरील नकाशातील निळा रंग एवढीच त्यांची समुद्राशी ओळख. अशा मुलांना समुद्ररक्षणाचा पाठ कशासाठी द्यावयाचा, अशी शंका शिक्षकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर शाळेजवळच्या ओढ्यात सापडते.

जालना शहरातून वाहणारी कुंडलिका दुधनेला मिळते. दुधना पुढे परभणी जिल्ह्यात पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. अंबड व घनसावंगी तालुक्यांच्या दक्षिण सीमेवरून तर खुद्द गोदावरीच वाहते. १,४६५ किलोमीटरांचा प्रवास संपवून ही नदी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते. मुंबईचा समुद्र जवळ असला तरी जालन्याचे पाणी पूर्वेच्या समुद्राकडे जाते. हा प्रवाह मुलांनी नकाशावर स्वतःच्या बोटाने गिरवला, म्हणजे त्या निळ्या रंगाशी गावाचे नाते जुळते.

या पाण्याबरोबर बाजारातील पिशव्या, बिस्किटांच्या पुड्यांची वेष्टने आणि चहाचे प्लॅस्टिकचे पेलेही वाहतात. वाटेतील बंधाऱ्यांत व धरणांत त्यातील बराच भाग अडकतो, हे खरे. परंतु अडकलेले प्लॅस्टिक नाहीसे होत नाही. उन्हाने ते ठिसूळ होते, त्याचे तुकडे होतात. पाच मिलिमीटरांहून लहान झालेले हे कण पाण्याबरोबर सहज पुढे जातात आणि मासे ते अन्न समजून गिळतात. समुद्रापर्यंत न पोचलेली पिशवीही निरुपद्रवी नसते. उष्टे अन्न भरून फेकलेली पिशवी गाय अन्नासह गिळते आणि ती तिच्या पोटात साचून राहते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लॅस्टिकच्या पिशव्या व एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून देशभर अशा कित्येक वस्तूंना मनाई झाली. तरीही पिशवी हाती येतेच, कारण मागणारा हात रिकामा असतो. हा हात लहानपणीच घडवावयाचा असल्याने हे काम प्राथमिक शिक्षकाकडे येते.

प्लॅस्टिक मुळातच वाईट, असे मात्र मुलांस सांगू नये. मोसंबीच्या बागेला पाणी देणारी ठिबकची नळी प्लॅस्टिकचीच आहे आणि ती अनेक वर्षे उपयोगी पडते. दोष आहे तो घटकाभर वापरून वर्षानुवर्षे उरणाऱ्या वस्तूचा. हा भेद शब्दांनी सांगण्यापेक्षा दाखवावा. पेरणीच्या दिवसांत शाळेच्या आवारात मोसंबीची साल, सुती चिंधी आणि बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टन शेजारीशेजारी पुरावे, खूण करावी व दिवाळीच्या सुटीनंतर उकरावे. साल मातीत मिसळलेली असेल, चिंधी विरलेली असेल आणि वेष्टनावरील अक्षरे बहुधा तशीच वाचता येतील. त्यानंतर वेगळा उपदेश करण्याची गरज उरत नाही.

परंतु शाळेचे आचरण या पाठाशी विसंगत असू नये. पर्यावरणाच्या प्रदर्शनासाठी थर्माकोलची प्रतिकृती मागवावयाची, किंवा स्वच्छतेवरील भाषण संपताच पाहुण्यांना प्लॅस्टिकच्या पेल्यांतून चहा द्यावयाचा, ही विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही. राष्ट्रीय सणांना स्टीलचे पेले काढावेत. प्रतिकृती माती, पुठ्ठा व कडबा यांच्या कराव्यात. गोळा झालेला प्लॅस्टिकचा कचरा आवारात जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो. तो कोरडा व वेगळा ठेवून ग्रामपंचायतीच्या स्वाधीन करावा. ओढ्यातील घाण मुलांच्या उघड्या हातांनी उपसू नये.

कापसाच्या या मुलखात कापडी पिशवी विकत आणण्याचे कारण नाही. जुने लुगडे, धोतर किंवा सदरा यांतून कार्यानुभवाच्या तासाला प्रत्येक मुलाला एक पिशवी शिवता येईल. पालकांवर खर्चाचा भार घालून केलेला उपक्रम गरीब घरी अप्रिय होतो, हे ध्यानात ठेवावे.

आठवडी बाजाराला निघालेल्या आईच्या हाती मुलाने आपण शिवलेली पिशवी आठवणीने दिली आणि पुढच्या बाजारी आईने ती स्वतःहून मागितली, तर शिक्षकाच्या या श्रमाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.